टेन्शन डोक्यात, दुखणं अंगात

सोलापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात सकाळच्या गर्दीत तासभर बसा. मान-खांदे धरलेलं, पोट सारखं बिघडणारं, रात्री डोळ्याला डोळा न लागणारं, उगाच छातीत धडधडणारं कुणी ना कुणी शेजारी असतंच. बऱ्याच जणांच्या मांडीवर रिपोर्टची पिशवी असते आणि आतले रिपोर्ट नॉर्मल असतात. मग केबिनमधून आवाज येतो, "काही नाही झालेलं तुम्हाला. टेन्शन घेऊ नका."

डॉक्टर धीर देत असतात, पण ऐकणारा भलताच अर्थ घेऊन घरी जातो. काही झालेलं नाही, म्हणजे दुखणं मनाचं, म्हणजे खोटं, म्हणजे आपण उगाच कण्हतोय. घरचेही मग तसंच बोलायला लागतात. खरं तर ताण मेंदूत सुरू होतो आणि तिथून ग्रंथी, रक्तवाहिन्या, आतडी, स्नायू, अगदी हाडांतल्या मगजापर्यंत ठरलेल्या वाटांनी पोचतो. या वाटा गेल्या शंभर वर्षांत एकेक करून सापडल्या आहेत. 'घेऊ नका' या दोन शब्दांवर माझा वेगळा राग आहे. तो पुढे काढतो.

कुत्री मागे लागली की

यंत्रमागावरची पाळी संपवून एक कामगार रात्री अक्कलकोट रोडवरून सायकलीने घरी निघालाय. वळणावर चार कुत्री भुंकत अंगावर येतात. 'कुत्री आली' हा विचार मनात धड उमटायच्या आधीच त्याचे पाय जोरात पेडल मारायला लागलेले असतात. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा एक छोटा भाग आहे. धोका ओळखणं हे त्याचं काम. तो हायपोथॅलॅमस या मेंदूतल्याच दुसऱ्या भागाला खबर देतो आणि तिथून निघालेला निरोप मज्जातंतूंवाटे मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत जातो. काही सेकंदांत रक्तात ॲड्रिनॅलिन उतरतं.

त्यानंतर अंगात जे होतं ते सगळं पळण्याच्या सोयीचं असतं. हृदय जोरात ठोके देतं, रक्तदाब चढतो, फुफ्फुसांतल्या नळ्या रुंदावतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात, म्हणजे कुत्रं चावलंच तर रक्त लवकर थांबावं. ही सगळी तयारी हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडली. 'लढा नाहीतर पळा' असं आपण जे ऐकतो, ते त्यांच्याच मांडणीतून आलेलं.

दुसरी वाट जरा सावकाश चालते. हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला, पिट्युटरीकडून रक्तावाटे पुन्हा ॲड्रिनलला निरोप जातो आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. झटापट लांबली तर इंधन कमी पडू नये, ही जबाबदारी कॉर्टिसॉलची. पुरेसं झालं की तेच मेंदूला जाऊन 'आता बास' असंही सांगतं. कुत्री मागे पडतात, घर येतं, माणूस तांब्याभर पाणी पितो आणि तासाभरात सगळं जागेवर येतं.

कुत्र्यांसाठी ही व्यवस्था अप्रतिम आहे. पण बचत गटाचा हप्ता काही मागे पडत नाही. पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराचा दोन दिवस फोन नसला, तर त्या काळजीपासून पेडल मारून पळता येत नाही. मालक पुढच्या महिन्यात माग बंद ठेवणार म्हणे, अशी कुणकुण लागली की अंगातली तयारी तीच होते. तेच ॲड्रिनॅलिन, तेच कॉर्टिसॉल, तीच रक्तात सोडलेली साखर. फक्त पळायचं कुठे ते माहीत नसतं, आणि 'आता बास' हा निरोप पोचायच्या आत नवी काळजी उभी राहते. माणूस खुर्चीत बसल्याबसल्या आतून पळत असतो.

शरीराचं भारनियमन

आणीबाणीत शरीर नेमकं काय करतं, हे भारनियमन सोसलेल्या गावाला वेगळं सांगायला नको. वीज थोडी असली की ज्या फीडरला ती लागतेच, तिथं आधी जाते; बाकीचे भाग अंधारात. ताणाच्या वेळी हृदय, मोठे स्नायू आणि मेंदू यांचा पुरवठा चालू राहतो. पचन, जखमांची दुरुस्ती, वाढ, प्रजनन ही कामं 'नंतर बघू' म्हणून बंद होतात. तासभर गेली तर बिघडत नाही. महिनोन्महिने गेली तर घरातलं सगळंच नासायला लागतं.

पोटाचं बघा. ताणात तोंडाला कोरड पडते, कारण लाळेचा पुरवठा कमी होतो. जठर सुस्त होतं, म्हणून जेवण वर-वर येतं आणि दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं. मोठं आतडं मात्र उलट घाईला येतं. दहावीच्या पेपरच्या सकाळी पोरगं चारदा संडासला का पळतं, त्याचं उत्तर हे. हेच रोज व्हायला लागलं की एकाच माणसाला वर गॅस आणि खाली जुलाब अशी तक्रार असते, दुर्बीण आत घातली तरी काही दिसत नाही आणि माणूस चक्रावून जातो.

बायकांची पाळी मागेपुढे होते किंवा चुकते. पाळीची साखळी हायपोथॅलॅमसपासूनच सुरू होते आणि ताणात तिथूनच तिचा जोर कमी होतो. केस गळण्याची तर गंमतच आहे. मोठा आजार किंवा घरातला मृत्यू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ जायला लागतात. तोवर माणूस जरा सावरलेला असतो, त्यामुळे दोष शांपूवर नाहीतर बोअरच्या पाण्यावर जातो. ताणाच्या धक्क्याने एकाच वेळी पुष्कळ केसांची वाढ थांबलेली असते आणि थांबलेला केस गळायला तेवढे महिने घेतो.

जखमांच्या दुरुस्तीवर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात एक छान प्रयोग झाला. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर अगदी छोटी, एकसारखी जखम केली. एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले. परीक्षेच्या दिवसांतली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला, आणि सुट्टीतल्याइतकी लवकर ती एकाचीही भरली नाही. तेच विद्यार्थी, तेच तोंड, तेवढीच जखम. ताण मनाचा असतो असं म्हणणाऱ्याला मी हा प्रयोग सांगतो.

उंदरांनी सांगितलेलं

ताण ही वैद्यकातली गोष्ट झाली ती एका फसलेल्या प्रयोगातून. १९३० च्या दशकात माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये नावाचा तरुण संशोधक उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होता. उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजल्या, थायमस ही प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. नवं संप्रेरक हाती लागलं म्हणून तो खूश झाला. मग त्याने दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचून पाहिले. परिणाम तेच. फॉर्मॅलिन टोचलं, तेही तेच. थंडीत ठेवलं, दमवलं, तरीही तेच. म्हणजे अर्काचा काही संबंध नव्हता. त्रास कुठलाही असो, शरीराचं उत्तर एकच होतं. १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये त्याने हे जेमतेम पानभर टिपणात मांडलं. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

त्या जठरातल्या व्रणांवरून पुढे अनेक दशकं अल्सर म्हणजे टेन्शनचा रोग अशीच सगळ्यांची समजूत होती. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ती मोडली. बहुतेक अल्सरच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो, हे त्यांनी दाखवलं. कुणी मानेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जीवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. त्यामुळे पोटात जळजळ आहे आणि टेन्शनही आहे, म्हणून टेन्शनवरच खापर फोडून महिनोन्महिने गोळ्या चघळत बसू नये. जीवाणू असेल तर ठरावीक दिवसांच्या अँटिबायोटिक औषधांनी तो जातो.

हृदय आणि साखर

रक्तदाब रोज अनेकदा चढला की रक्तवाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं. दुखावलेल्या जागी चरबी साठते, सूज येते. त्यात प्लेटलेट चिकट. गुठळी व्हायला लागणारा सगळा माल तिथं तयार असतो. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. हार्ट अटॅकची जी नऊ मोठी कारणं त्यात निघाली, त्यांत तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांच्या रांगेत मानसिक-सामाजिक ताणही होता. कायम ताणात असल्याचं सांगणाऱ्यांत धोका दुपटीच्या वर दिसला. लोकांना अटॅक आल्यानंतर विचारलं होतं, त्यामुळे हा आकडा तंतोतंत धरू नये. पण दिशा पक्की आहे.

मेंदूतली काळजी हृदयापर्यंत कशी जाते, याचा एक धागा २०१७ मध्ये बोस्टनच्या अहमद तवाकोल यांनी दाखवला. २९३ जणांचे स्कॅन तपासल्यावर दिसलं, की ज्यांचा अमिग्डाला जास्त पेटलेला, त्यांच्या हाडांतला मगजही जास्त कामाला लागलेला आणि रक्तवाहिन्यांत सूज जास्त. पुढच्या काही वर्षांत हृदयविकार आणि लकवाही त्यांच्यातच जास्त आढळला. सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी मगजात तयार होतात, म्हणून मगज इथं मध्ये येतो.

मोठ्या धक्क्याने हृदय एकदम कमजोर पडण्याचाही एक प्रकार आहे. त्याला ताकोत्सुबो म्हणतात. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. जोडीदार गेल्याची बातमी येते आणि साठीतल्या बाईच्या छातीत कळ उठते, ईसीजी अटॅकसारखाच असतो, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिनी बंद सापडत नाही. पाळी गेलेल्या बायकांतच हे जास्त दिसतं. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात.

साखरेचा हिशेब सोपा आहे. कॉर्टिसॉल यकृताला साखर बनवायला लावतं आणि इन्सुलिनचा जोर कमी करतं. पळणाऱ्याने ती साखर जाळली असती. बसलेल्याच्या रक्तात ती तशीच फिरते. शुगर असलेल्या माणसाने पथ्य पाळलं, गोळी घेतली, तरी मुलीच्या लग्नाच्या महिन्यात आकडे का उसळतात, त्याचं हे एक कारण. वर कॉर्टिसॉलने गोड-तळलेल्याची ओढही वाढते आणि चरबी पोटावर जमते.

सर्दी-पडशाचंही असंच. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये ३९४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना वेगळं ठेवलं. १९९१ मध्ये निकाल छापला: ज्याचा ताण जास्त, त्याला सर्दी होण्याची शक्यता जास्त. पुढच्या अभ्यासात असंही निघालं, की एखाददुसऱ्या दिवसाच्या भांडणाने फारसा फरक पडत नाही. महिन्याहून जास्त रेंगाळलेला ताण, मुख्यतः कामधंदा नसण्याचा नाहीतर माणसामाणसांतल्या बेबनावाचा, तो महागात पडतो.

पाणी कधी येणार?

आता तो राग. टेन्शन कुणी हौसेने घेत नाही. ते किती येतं आणि कुणाला येतं, यालाही नियम आहेत.

सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर काढली आहेत. उजनी धरण काठोकाठ भरल्याच्या बातम्या वाचायच्या आणि घरात पिंप तळाला गेलेलं बघायचं, हे इथल्या कुठल्याही गल्लीत कुणालाही विचारा. चार दिवसांचं पाणी साठवणं हे कष्टाचं काम आहे, पण कष्टाची सवय होते. सवय होत नाही ती वेळेची. आज येणार होतं, आलं नाही. रात्री दीडला येईल म्हणतात, की पहाटे? बाई नळ उघडा ठेवून खाली बादली लावते आणि आडवी होते. पाण्याआधी नळातून हवा फुसफुसते, त्या आवाजाला तिचे कान टवकारलेले असतात. अंग झोपलंय, कान जागे. पहाटे शेजारणीची हाक येते, "अक्का, पाणी यायलंय बघा!" आणि ती धडपडून उठते.

जे वाइस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या शेवटी उंदरांवर केलेले प्रयोग मला इथं आठवतात. दोन उंदरांना अगदी सारखे विजेचे झटके. एकाला झटक्याआधी इशारा मिळायचा, दुसऱ्याला कधीही, कसाही. इशारा मिळणाऱ्याच्या जठरात व्रण कितीतरी कमी. दुसऱ्या प्रयोगात एका उंदराला स्वतःच्या हालचालीने झटका थांबवता यायचा आणि तो थांबला की दोघांचाही थांबायचा. झटके दोघांनाही तेवढेच, पण ज्याच्या हातात काही होतं, त्याची प्रकृती चांगली राहिली. त्रास किती, यापेक्षा तो कधी येणार हे माहीत आहे का आणि आपल्या हातात काही आहे का, यावर शरीराचं नुकसान ठरतं.

माणसांत हे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत दिसलं. मायकेल मार्मट यांनी तिथल्या हजारो नोकरदारांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सगळे पगारी, सगळ्यांना उपचार फुकट. ताण साहेबांना जास्त, अशीच कुणाचीही कल्पना असेल. निघालं उलटं. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या सुमारे तिप्पट होतं. विडी-सिगारेट, रक्तदाब, लठ्ठपणा यांचा हिशेब मांडूनही सगळा फरक भरून निघाला नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या अभ्यासात एक कारण ठळक झालं: ज्याला आपल्या कामावर अधिकार कमी, त्याचं हृदय जास्त धोक्यात.

हे वाचून मला आपल्या विडी कामगार बायकाच डोळ्यांपुढे येतात. कारखान्यातून पानं, तंबाखू, सूत मोजून मिळतं. घरी पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरत, वळत, सूत गुंडाळत, तोंड दुमडत बसायचं. पानं चांगली निघतील की फाटकी, ते तिच्या हातात नाही. फाटकी निघाली तर हजार भरत नाहीत आणि पदरची पानं आणावी लागतात. माल द्यायला गेल्यावर तपासणारा किती विड्या बाजूला काढेल, तेही त्याच्या मर्जीवर. मजुरी हजारावर. तिच्या ताब्यात एकच गोष्ट उरते, हातांचा वेग. मग ती तो वाढवते. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये म्हटलं होतं, की कामाचा रेटा जास्त आणि अधिकार कमी ही जोडी सगळ्यात वाईट. विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या बाईला हे सांगायला कॅरासेक लागत नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यात आवाजाची भर. कानाशी ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, इतका खडखडाट बारा-बारा तास. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांत रक्तदाब जास्त आढळतो. माणूस म्हणतो, मला आता आवाज जाणवत नाही. कान सरावतात, रक्तवाहिन्या तेवढ्या सरावत नाहीत.

आणि झोप. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, मध्यरात्री सगळ्यात खाली असतं. रात्रपाळी, नळाची जाग, मे महिन्यात चाळीस-बेचाळीसच्या उन्हाने तापलेल्या पत्र्याखालची घालमेल, यांनी ही लय मोडते. शिकागो विद्यापीठात ११ तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं. १९९९ मध्ये आलेल्या या अभ्यासात, सहाच दिवसांत त्यांचं शरीर साखर सावकाश हाताळायला लागलं आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल चढं राहिलं. धडधाकट तरुण होते ते.

मग करायचं काय

वाइसच्या उंदरांना फरक पडला तो इशाऱ्याने. म्हणून मला प्राणायामाच्या आधी गल्लीची पाळी सुचवावीशी वाटते. आज एकीने जागायचं, पाणी आलं की सगळ्यांना फोन करायचा; बाकीच्यांनी कान मिटून झोपायचं. पुढच्या वेळी दुसरीने. पाणी तेवढंच येईल, पण दहा घरांपैकी नऊ घरं झोपतील. हप्त्याचं तसंच. आठवण करून देणाऱ्या फोनची वाट बघत धसका घेण्यापेक्षा तारीख आणि रक्कम भिंतीवर लिहून ठेवलेली बरी. हे उपाय किरकोळ वाटतात, पण शरीर त्यांचीच दखल घेतं. पाण्याचं वेळापत्रक वेळेवर जाहीर करणं, विड्यांची तपासणी बाईच्या डोळ्यांदेखत आणि ठरलेल्या नियमाने होणं, या गोष्टी मी तरी आरोग्याच्या योजनांतच धरेन.

चालण्याचा फायदा आता वेगळा सांगायला नको. रक्तात सोडलेली साखर स्नायूंनी जाळली की तयारी सत्कारणी लागते. सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा होम मैदानावर सकाळी चालणाऱ्यांत निम्मे जण शुगरचे पेशंट असतील. घरी-दारी राबणाऱ्या बाईला मात्र 'चाला' म्हणणं बरं दिसत नाही. ती दिवसभर वाकलेली असते. तिला मान-खांदे मोकळे करायला दर तासाला दोन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. ताणात खांदे नकळत कानांकडे चढतात आणि तसेच राहतात. संध्याकाळी डोकं मागून आवळल्यासारखं दुखतं ते बऱ्याचदा यामुळेच.

श्वासाचा परिणाम स्वतःच तपासता येतो. मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवून नाडी धरा. सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. तरुणांत हे चटकन कळतं, वय झालं की कमी. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला आवर घालते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, सोडणं लांब, असं पाच मिनिटं केलं की धडधड उतरते. हप्ता उतरत नाही, हेही खरं.

मिश्री, मावा, विडी यांनी डोकं शांत होतं, असं लावणारा प्रत्येक जण सांगतो. निकोटीन ॲड्रिनॅलिन वाढवतं. मिश्री लावल्यावर बरं वाटतं, कारण ती न मिळाल्याची तलफ तेवढ्यापुरती मिटते. दारूने झोप लागते आणि रात्री दोनला मोडते.

एका बाबतीत मात्र ताणाचं नाव पुढे करू नका. छातीत दाब, तो हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणारा, घाम, दम लागणं, किंवा बायकांत नुसता कमालीचा थकवा आणि मळमळ, असं झालं तर सोडा-लिंबू पीत बसायचं नाही. १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. तिथं 'टेन्शनच होतं' असं निघालं तर आनंदच आहे. तसंच सततचा थकवा, धडधड, केस गळणं यांच्या मागे थायरॉइड, रक्त कमी असणं किंवा बी-१२ ची कमतरता असू शकते. त्या तपासण्या स्वस्तात होतात. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कशातच राम वाटेना, जगणं नको झालं, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

डॉक्टरांकडे जाण्याआधी महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून बघा. डोकं दुखलं तो दिवस, पोट बिघडलं तो दिवस, झोप किती झाली, पाणी रात्री आलं का, हप्ता कधी होता, पाळी कधी आली. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत बसून सकाळ-संध्याकाळचे आकडे तिथंच लिहा. ते कॅलेंडर रिपोर्टच्या पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर आधी तेच ठेवा.